सरासरी वेतन खरंच वाढलं का? मोजण्याची पद्धत, पायरीपायरीने

समजा एका कारखान्यात १०० माणसं आहेत, ८० मदतनीस आणि २० कारागीर. मदतनिसाला महिन्याला १०० मिळतात, कारागिराला ३००. (चलन कोणतंही धरा, इथे आकड्यांशीच काम आहे.) सरासरी निघते १४०. वर्षभरात मालक दोघांचीही मजुरी ५ टक्क्यांनी कापतो आणि वर निम्म्या मदतनिसांना घरी पाठवतो. आता उरले ९५ वर काम करणारे ४० मदतनीस आणि २८५ वर काम करणारे २० कारागीर. एकूण ९,५०० भागिले ६०, म्हणजे सरासरी १५८. सरासरी वेतन १३ टक्क्यांनी वाढलं! प्रत्यक्षात एकाही माणसाच्या हातात पैसा जास्त पडलेला नाही, उलट प्रत्येकाला कमीच मिळतो आहे.

यात गणिताची चूक कुठेच नाही. सरासरी दोन कारणांनी हलते: माणसांचं वेतन बदलतं म्हणून, आणि मोजली जाणारी माणसंच बदलतात म्हणून. वेतनवाढ मोजण्याचं बहुतेक कौशल्य ही दोन कारणं एकमेकांपासून सोडवण्यात आहे. सूत्रं सोपी आहेत, शाळेतल्या भागाकाराच्या पलीकडे फारसं काही लागत नाही. अवघड आहे ते सूत्रात काय घालायचं हे ठरवणं.

पायरी १: ‘वेतन’ म्हणजे नेमकं काय, ते लिहून काढा

अक्षरशः कागदावर लिहा. श्रम-सांख्यिकीत तीन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात आणि बोलताना आपण तिन्हींना ‘पगार’च म्हणतो. पहिली वेतनदर, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या कामाचा ठरलेला दर. दुसरी कमाई. तिच्यात मूळ दराबरोबर ओव्हरटाइम, भत्ते, बोनस, भरपगारी रजेचे पैसे असं सगळं येतं. तिसरा श्रमखर्च, म्हणजे मालकाला तो माणूस एकंदर कितीला पडतो. सामाजिक सुरक्षेची मालकाने भरलेली वर्गणी आणि प्रशिक्षणाचा खर्चही त्यात धरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली भरणाऱ्या श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने १९७३ साली वेतन-आकडेवारीबद्दल ठराव केला. देशोदेशीच्या वेतन-सर्वेक्षणांमधल्या व्याख्या बऱ्याच अंशी त्याच चौकटीत बसतात.

तिन्ही आकडे एकाच वर्षात वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. मंदी आली की आधी ओव्हरटाइम बंद होतो. कमाई घटते, पण दर जागच्या जागी असतो. म्हणून प्रश्न कोणाचा आहे ते आधी पाहा. कामगाराचं राहणीमान पाहायचं असेल तर कमाई, आणि शक्यतो कर व वर्गण्या कापून हातात पडणारी. मालकाला कामगार महाग पडू लागले का, हे पाहायचं असेल तर श्रमखर्च. करारातला भाव वाढला का, याचं उत्तर वेतनदर देतो.

पायरी २: आकडे कुठून घ्यायचे

ठिकाणं तीनच. आस्थापनांकडून गोळा केलेली पगारपत्रकं, घरोघरी जाऊन केलेली पाहणी, आणि कर किंवा सामाजिक विम्याच्या सरकारी नोंदी.

पगारपत्रकातला आकडा पैशापैशापर्यंत बरोबर असतो. पण तिथे मोजली जाते ती नोकरी, माणूस नाही. दोन ठिकाणी काम करणारा दोनदा येतो, आणि नोंद नसलेल्या छोट्या धंद्यांतला येतच नाही. घरोघरच्या पाहणीत तो सापडतो, पण माणसं पगार पूर्णांकात सांगतात, बोनस विसरतात, आणि बऱ्याचदा घरातलं दुसरंच कोणीतरी अंदाजाने उत्तर देतं. सरकारी नोंदींत संख्या प्रचंड असते, मात्र कामाचे तास बहुधा नसतात. वर्गणी एका कमाल वेतनापर्यंतच लागू असेल तर त्यावरची कमाई नोंदलीही जात नाही. अशा नोंदींवरून काढलेली सरासरी वरच्या टोकाला कापलेली असते.

कोणताही स्रोत चालेल; फक्त पहिल्या वर्षाचा आकडा एका स्रोतातून आणि शेवटच्या वर्षाचा दुसऱ्यातून, असं कधीही करू नका. स्रोत तोच असला तरी मधे प्रश्नावली, नमुना किंवा व्याख्या बदललेली असू शकते. तळटीपा वाचायचा कंटाळा इथे महागात पडतो.

पायरी ३: वेळेचं माप एक करा

एक कामगार आठवड्याला ४० तास, तासाला १० या दराने काम करतो: ४००. पुढे त्याचे तास ३६ झाले आणि दर ११: ३९६. आठवड्याची कमाई १ टक्क्याने घटली, ताशी दर १० टक्क्यांनी वाढला. दोन्ही विधानं खरी आहेत. अर्धवेळ कामाचं प्रमाण बदलत असेल तर मासिक सरासरीवरून दराबद्दल काहीच बोलता येत नाही. ताशी आकडा काढावाच लागतो.

ताशी काढताना भाजक कोणता, तेही ठरवा. पगार मिळालेले तास आणि प्रत्यक्ष काम केलेले तास यांत भरपगारी सुट्ट्यांचा फरक असतो. सुट्ट्या वाढल्या तर पगारी तासांवर काढलेला दर जागचा हलत नाही, कामाच्या तासांवर काढलेला मात्र वाढतो.

मग येतात कॅलेंडरच्या खोड्या. जिथे आठवड्याला पगार होतो तिथे काही महिन्यांत पाच पगारवार येतात. चार पगारवारांच्या महिन्याशी तुलना केली की नुसत्या तारखांमुळे २५ टक्के ‘वाढ’ दिसते. बोनसचा महिनाही तसाच. यावर साधा उपाय म्हणजे या वर्षीच्या मार्चची तुलना गेल्या वर्षीच्या मार्चशीच करायची आणि पगारवार किती होते ते पाहून घ्यायचं. थकबाकीवर मात्र हा उपाय चालत नाही. मागच्या काळाची वेतनवाढ लागू होऊन एकाच महिन्यात रक्कम मिळाली की त्या महिन्याची सरासरी उसळते आणि वर्षानंतर त्याच महिन्यात खोटी घसरण दिसते. मी एकदा अशाच घसरणीचं कारण शोधण्यात दोन दिवस घालवले होते. ते कारण आदल्या वर्षाच्या ओळीत ‘थकबाकी’ या नावाच्या रकान्यात बसलेलं होतं. थकबाकी ज्या महिन्यांची आहे त्या महिन्यांत वाटून टाका. तेवढी माहिती नसेल तर ती वेगळी काढून ठेवा.

वेळेच्या मापाचा प्रश्न किती खोल जाऊ शकतो हे इतिहासकारांना विचारा. १९५० च्या दशकात फेल्प्स ब्राउन आणि शीला हॉपकिन्स यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या बांधकाम-कामगारांच्या सुमारे सात शतकांच्या मजुरीची मालिका रचली. पण हाती होता तो रोजचा दर, वर्षात किती दिवस काम मिळालं ते नाही. नंतरच्या अभ्यासकांनी वर्षाला २५० दिवस धरून वार्षिक कमाई काढली. २०१९ मध्ये जेन हम्फ्रीज आणि जेकब वाइसडॉर्फ यांनी रोजंदारी सोडून सालाने ठेवलेल्या कामगारांचं वेतन वापरलं, तर इंग्लंडमधल्या राहणीमानाचा आलेख बराच वेगळा निघाला. फरक पडला तो कामाचे दिवस किती, या एकाच गृहीतकाने.

पायरी ४: कोणती सरासरी?

ताशी सरासरी दोन तऱ्हांनी निघते. एक कामगार तासाला १० दराने ४० तास राबतो, दुसरा तासाला ३० दराने १० तास. दरांची साधी सरासरी २०. एकूण रक्कम भागिले एकूण तास केलं तर ७०० भागिले ५०, म्हणजे १४. पहिल्या उत्तरात प्रत्येक माणसाला सारखा भार आहे, दुसऱ्यात प्रत्येक तासाला. पगारपत्रकांवर आधारलेल्या आकडेवारीत बहुधा दुसरी रीत असते. कोणतीही वापरा, पण वाटेत बदलू नका.

दुसरा निर्णय सरासरी की मध्यक हा. (मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधे येणाऱ्याचा पगार.) नऊ जणांना १०० आणि एकाला १,००० असेल तर सरासरी १९० आणि मध्यक १००. त्या एकाचा पगार १,५०० केला की सरासरी २४० होते, म्हणजे २६ टक्के वाढ; मध्यक जागचा हलत नाही. ‘सर्वसाधारण कामगाराचं’ असं लिहायचं असेल तर मध्यक घ्या. एकूण वेतनखर्चाशी किंवा उत्पादकतेशी सांगड घालायची असेल तर सरासरीच लागते, कारण तीच संख्येने गुणली की एकूण रक्कम परत मिळते. मी दोन्ही काढतो. सरासरी मध्यकापेक्षा वेगाने पळत असेल तर वाढ वरच्या टोकाला होते आहे, हे लगेच कळतं.

पायरी ५: माणसांची अदलाबदल वेगळी काढा

इथे थोडं थांबू. पुन्हा आपला कारखाना, पण या वेळी मालक उदार आहे. मदतनिसांचं वेतन १०० वरून १२० झालं, म्हणजे २० टक्के वाढ. कारागिरांचं ३०० वरून ३१५, ५ टक्के वाढ. धंदा वाढल्यामुळे मदतनीस ८० चे १२० झाले, कारागीर २० च राहिले. नवी सरासरी: (१२० × १२० + २० × ३१५) भागिले १४०, म्हणजे १४७.८६. जुनी १४०. वाढ ५.६ टक्के. एका गटाला २० टक्के मिळाले आणि दुसऱ्याला ५, तर मग मधेच कुठेतरी असायला हवी ती वाढ जेमतेम तळाला कशी चिकटली? अर्थात कमी पगाराची माणसं जास्त आली म्हणून.

आता दोन्ही वर्षांसाठी पहिल्या वर्षाची रचना, म्हणजे ८० ला २०, कायम धरा. नव्या वेतनाने सरासरी होते ०.८ × १२० + ०.२ × ३१५ = १५९. भागिले १४०: वाढ १३.६ टक्के. जुने भार कायम ठेवण्याची ही रीत १८७१ मध्ये एतिएन लास्पेर यांनी किमतींच्या निर्देशांकासाठी मांडली. उलट, दुसऱ्या वर्षाची रचना धरून जुन्या वेतनाने सरासरी काढली तर १८,००० भागिले १४०, म्हणजे १२८.५७, त्या मानाने १४७.८६ ही १५ टक्के वाढ. ही पाशे यांची रीत, १८७४ ची. दोघांत भांडण नको असेल तर गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घ्या: १.१३५७ × १.१५ चं वर्गमूळ १.१४३, म्हणजे १४.३ टक्के. यालाच फिशरचा निर्देशांक म्हणतात.

एक्सेलमध्ये यासाठी एक ‘समप्रॉडक्ट’ (रकान्यांतले आकडे जोडीने गुणून त्यांची बेरीज देणारं सूत्र) पुरतो. एका रकान्यात गट, दुसऱ्यात जुनी संख्या, तिसऱ्यात जुनं वेतन, मग नवी संख्या, नवं वेतन. सरासरीतली एकूण हालचाल फोडूनही दाखवता येते: रचना बदलल्यामुळे १४० वरून १२८.५७, म्हणजे उणे ११.४३, वेतन बदलल्यामुळे १२८.५७ वरून १४७.८६, म्हणजे अधिक १९.२९. बेरीज ७.८६. माझ्या मते अहवालात हीच एक ओळ सगळ्यात उपयोगी असते.

गट पाडताना हावरटपणा नको. व्यवसाय, उद्योग, वय, लिंग, पूर्णवेळ की अर्धवेळ, सगळंच एकदम घेतलं तर काही कप्प्यांत दोन-तीनच माणसं उरतात आणि एकाच्या बढतीने कप्पा हलतो. दोन्ही वर्षांत पुरेशी माणसं असतील एवढेच गट ठेवा. काळ लांबचा असेल तर पहिल्या वर्षाचे भार शिळे होतात; मग दरवर्षी आदल्या वर्षाचे भार घेऊन वाढ काढा आणि वाढीची गुणोत्तरं एकमेकांना गुणत जा.

हे सगळं कागदी वाटत असेल तर एप्रिल २०२० आठवा. महामारीच्या टाळेबंदीत अमेरिकेत एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या, आणि त्याच महिन्यात तिथल्या श्रम-सांख्यिकी विभागाने पहिल्यांदा जाहीर केलेली सरासरी ताशी कमाई ४.७ टक्क्यांनी वाढलेली होती. हॉटेलं, दुकानं यांतली कमी पगाराची माणसं यादीतून गळाली, एवढाच त्याचा अर्थ, आणि विभागाने तसं स्पष्ट म्हटलंही. तोच विभाग ‘एम्प्लॉयमेंट कॉस्ट इंडेक्स’ ही वेगळी मालिका काढतो. तिच्यात उद्योग आणि व्यवसायांचे भार कायम धरून नमुन्यातल्या त्याच त्या कामांचा खर्च पाहिला जातो, त्यामुळे ती अशी उड्या मारत नाही. याची सौम्य आवृत्ती प्रत्येक मंदीत घडते. गॅरी सोलन, रॉबर्ट बार्स्की आणि जोनाथन पार्कर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की मंदीत खरं वेतन (म्हणजे महागाई काढून टाकलेलं) किती खाली येतं ते सरासरीत नीट दिसतच नाही, कारण कमी पगाराचे लोक आधी बाहेर पडतात.

आणखी एक मार्ग असा, की गट सोडा आणि त्याच माणसांचा मागोवा घ्या. अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा वेतनवाढ-मापक असाच आहे: बारा महिन्यांच्या अंतराने त्याच व्यक्तींचं वेतन पाहून प्रत्येकाची वाढ काढायची आणि त्या वाढींचा मध्यक घ्यायचा. रचनेची कटकट संपली, पण नवी सुरू झाली. दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. दरवर्षी प्रत्येक जण एक पायरी वर चढतो, वरचा निवृत्त होतो, खाली नवा येतो. शिडीवर टिकलेल्या प्रत्येकाला वाढ मिळाली, आणि सरासरी मात्र वर्षानुवर्षं तीच! माणसांचा मागोवा अनुभवाची वाढ मोजतो, शिवाय नोकरी गेलेल्यांना वगळतो. म्हणून तो आकडा जवळजवळ नेहमीच गोडसर येतो.

पायरी ६: महागाई काढून टाका, पण वजाबाकीने नाही

वेतन ८० टक्क्यांनी वाढलं, किमती ६० टक्क्यांनी. खरी वाढ २० टक्के? नाही. १.८ भागिले १.६ म्हणजे १.१२५, वाढ १२.५ टक्के. दर लहान असतील तर वजाबाकीने फार बिघडत नाही. लांबच्या काळात ती चांगलीच फसवते. नेहमी भागाकार करा: वेतन भागिले किंमत-निर्देशांक, गुणिले १००.

निर्देशांक कोणता, हा कळीचा मुद्दा. कामगाराला त्या पैशात काय घेता येतं हे पाहायचं असेल तर ग्राहक किंमत निर्देशांक. मालकाच्या दृष्टीने कामगार महाग झाला का, हे पाहायचं तर मालक जे विकतो त्याच्या किमतींचा निर्देशांक. निवड बदलली की निष्कर्ष बदलतो. ब्रिटनमधला जुना ‘आरपीआय’ हा किरकोळ किंमत निर्देशांक त्याच्या सूत्रातल्या दोषामुळे सहसा जास्त महागाई दाखवतो. २०१३ मध्ये त्याचा अधिकृत राष्ट्रीय सांख्यिकीचा दर्जा काढून घेतला गेला. वेतनाला त्याने भागलं तर खरं वेतन उगाचच कमी दिसतं.

मधे आधार वर्ष, म्हणजे निर्देशांक १०० धरलेलं वर्ष, बदललं असेल तर मालिका जोडावी लागते. जुन्या मालिकेत जोडवर्षाचा आकडा २५० आणि नव्या मालिकेत त्याच वर्षी १०० असेल, तर जोडगुणक २.५. नव्या मालिकेत पुढे १०८ आला की जुन्या आधारावर तो २७०. आणि वेतन मार्चचं असेल तर निर्देशांकही मार्चचाच घ्या, वर्षाची सरासरी नको.

पायरी ७: वाढीचा दर

दहा वर्षांत ६० टक्के म्हणजे वर्षाला ६ टक्के नाही. १.६ चं दहावं मूळ घ्या: १.०४८, म्हणजे वर्षाला ४.८ टक्के चक्रवाढ. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष निवडताना जपून. सुरुवात मंदीच्या खड्ड्यातून केली तर कोणतीही वाढ भरघोस दिसते. वेतन २० टक्क्यांनी घसरून पुन्हा २० टक्क्यांनी वाढलं तर ते १०० वर नाही, ९६ वर येतं. पण नुसती शेवटची ओळ छापणाऱ्याला ‘२० टक्के वाढ’ म्हणायला कोण अडवणार? म्हणून मधली सगळी वर्षं आलेखावर ठेवा.

पायरी ८: आकडा बाहेर पाठवण्याआधी

नमुना-पाहणी असेल तर त्रुटीची मर्यादा बघा. दोन्ही वर्षांच्या अंदाजांत २ टक्के मागे-पुढे शक्य असेल आणि नमुने स्वतंत्र असतील, तर फरकात सुमारे २.८ टक्के मागे-पुढे शक्य आहे. अशा वेळी १.५ टक्क्यांच्या वाढीवर मथळा रचू नका. एखाद्या वर्षी अचानक उडी दिसली तर आधी व्याख्या, मग रचना, मग बोनस आणि थकबाकी तपासा. अर्थव्यवस्थेला श्रेय द्यायचं ते यानंतर.

शेवटी आकडा वाक्यात लिहा आणि त्या वाक्यात मापन दिसू द्या. आपल्या उदार कारखान्यात त्या वर्षी किमती ६ टक्क्यांनी वाढल्या असं धरलं, तर ते वाक्य असं होईल: ‘मासिक सरासरी वेतन महागाई काढून टाकल्यावर ०.४ टक्क्याने घटलं. मात्र मदतनीस आणि कारागीर यांचं पहिल्या वर्षाचं ८० ला २० हे प्रमाण कायम धरलं तर ते ७.१ टक्क्यांनी वाढलं, आणि या दोन आकड्यांतला फरक ४० नव्या मदतनिसांच्या भरतीमुळे आहे.’